सायखेड्याहून आलेली पाहुणी

घरी दुधाची शेळी आणायची, असं मी एका रविवारी चहाच्या वेळी जाहीर केलं, तेव्हा आमचे हे नुसते हसले. सूनबाई बाळाला खेळवत होती, तिला वाटलं मी थट्टाच करतेय. एकट्या सासूबाई मात्र म्हणाल्या, "आण की. पण बाजारातली नको आणूस. तुझ्या सायखेड्याच्या आत्याकडची आण."

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या मनात ही हौस असते, हे मला ठाऊक आहे. मागे थोडी मोकळी जागा असते, एखादं शेवग्याचं झाड असतं, भाजीची देठं-पानं रोज टोपलीभर निघतात आणि पिशवीतल्या दुधाकडे बघून जीव कळवळतो. गाय झेपत नाही, म्हशीचं नावच काढायला नको. मग शेळी आठवते. मलाही अशीच आठवली. आमचं घर नाशिकरोडला, स्वतःचं, मागे पंधरा-वीस फुटांचं अंगण. त्यातून नात झालेली. शेळीचं दूध म्हणजे लहान मुलांना अमृत, असं लहानपणापासून कानांवर पडलेलं!

पण त्या अमृताबद्दल आधीच सांगून टाकते. बाळाच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्यांनी स्वच्छ नाही म्हटलं. वर्षाच्या आतल्या बाळाला शेळीचं दूध मुख्य आहार म्हणून द्यायचंच नाही. त्यात फोलेट फारच कमी असतं आणि त्यानं बाळाचं रक्त कमी होऊ शकतं. ज्यांना गाईच्या दुधाची खरीखुरी ॲलर्जी असते त्यांना बहुधा शेळीचंही सोसत नाही, कारण दोन्हींतली प्रथिनं बरीच सारखी असतात. मी जरा हिरमुसलेच. नातीसाठी आणायची म्हणून केलेला बेत नातीवाचूनच पुढे न्यायचा होता. तरी म्हटलं, आत्याला भेटून तर येऊ. आत्याचे गुडघे गेलेत आणि तिच्या मुलांनी शेळ्या व्यापाऱ्याला द्यायचं ठरवलंय, असं कानांवर आलं होतं.

सायखेडा निफाड तालुक्यात, गोदावरीच्या काठावर आहे. नाशिकहून येवल्याकडे जाणारी एसटी धरायची, चांदोरीला उतरायचं आणि रिक्षानं पूल ओलांडून पलीकडे जायचं. मी गेले ती मार्गशीर्षात. निफाडच्या थंडीबद्दल पेपरात वाचलं असेल तुम्ही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा उतरला की साऱ्या महाराष्ट्राला हुडहुडी भरते. सकाळी आठ वाजता पुलावर धुकं इतकं होतं की खालचं पाणी दिसत नव्हतं, नुसता पानवेलीचा ओलसर वास येत होता. ही पानवेल मोठी वैरीण आहे बरं का! नाशिककडून वाहत येते, पुलाला अडकते आणि पावसाळ्यात पाण्याची वाट अडवते.

लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत मी इथे येत असे. तेव्हा नदीत उतरायचं कुणालाच भय नव्हतं. चांदोरीच्या बाजूला नदीच्या पात्रातच जुनी दगडी देवळं आहेत, एरवी ती पाण्याखाली असतात. खाली नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आहे, त्याचं पाणी सोडलं की ती उघडी पडतात. त्याच बंधाऱ्याच्या पाणथळीवर हिवाळ्यात परदेशी पाखरं उतरतात. २०२० साली ती जागा रामसर यादीत गेली, महाराष्ट्रातली पहिली. आत्याला विचारलं, "पाहिलीस का गं पाखरं?" तर म्हणाली, "त्यांना काय बघायचं? ती येत्यात अन् जात्यात. आमी हितंच हाये."

गावात शिरलं की आधी कांदा भेटतो. पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीचा उपबाजार इथे आहे. लिलावाच्या दिवसांत ट्रॅक्टरांच्या रांगा, वाऱ्यावर उडणारी तांबडी फोलपटं. पुढे उसाचे फड, द्राक्षाचे बाग. अशा श्रीमंत मुलखात शेळीला खायला काय कमी, असं मला वाटलं, तर आत्या कपाळाला हात लावून बसली.

"कांदा नको घालू," ती म्हणाली. "पात एखादी खाल्ली तर ठीक. पण फेकलेल्या कांद्याचा ढीग पुढं टाकला ना, तर रक्त जातं जनावराचं, मूत तांबडं होतं. अन् दुधाला असा वास, की चहाच होत नाय." आणि द्राक्षाचा पाला? छाटणीनंतर हिरव्यागार फांद्यांचे भारे बांधावर पडलेले असतात आणि शेळ्या त्यावर तुटून पडतात. पण बागेवर औषधाची फवारणी झालेली असते. "कोणच्या बागेवर कवा फवारलं ते ज्याला ठाऊक, त्यालाच इचारून घ्यायचा पाला. इचारल्याबिगर नाय." तुम्हीही हे लक्षात ठेवा. मंडईतून फुकट आणलेला पाला कुठल्या शेतातला, हे कोण सांगणार? आपल्या परसातला शेवगा, हादगा, शेवरी, सुबाभूळ, रानातली बोर-बाभूळ, विकतचा लसूणघास आणि जोडीला हरभऱ्याचं किंवा तुरीचं भुसकट, हे बरं. मोठ्या शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवा चारा लागतो, वर किलोभर सुका. दुभती असेल तर पावशेर खुराकही. आणि जमिनीवर टाकलेलं ती खात नाही हं! पेंडी बांधून तोंडाच्या उंचीवर टांगा. पायाखाली आलेल्या चाऱ्याला आमची गोदी अजून नाक मुरडते.

गोदी म्हणजे आमची शेळी. पण ती आमची कशी झाली, ते ऐका.

आत्याच्या दावणीला तीन शेळ्या होत्या. पांढऱ्या, लोंबत्या कानांच्या, थोड्या संगमनेरी वळणाच्या. संगमनेरी ही आपल्याच भागातली जात. नगर, पुणे, नाशिक या जिल्ह्यांत ती मुरलेली आणि दूध व मांस दोन्हींसाठी पाळलेली. मराठवाड्यातली काळी उस्मानाबादी जुळी करडं देण्यात हुशार, पण घरच्या दुधासाठी आपल्याकडे संगमनेरीच बरी, असं माझं मत. दुधाच्या मोठ्या गप्पांवर मात्र विश्वास ठेवू नका. नीट खाऊ घातलेली शेळी दिवसाला अर्धा ते एक लिटर दूध देते, तेही चार-पाच महिने. "तीन लिटर देते, ताई" असं सांगणारा भेटला की पर्स घट्ट धरा.

आत्यानं मला पारखायला शिकवलं. ओठ वर करून खालच्या पुढच्या दातांकडे बघायचं. शेळीला वरचे पुढचे दात नसतातच, ते पडले असं समजून मी घाबरले होते! नुसते दुधाचे दात असतील तर ती आदत. दोन मोठे दात आले की वर्ष-दीड वर्षाची, चार आले की दोन वर्षांच्या आसपास. पहिली शेळी घेणारीनं दुसऱ्या वेताची घ्यावी. पहिलटकरीण घेतली तर दोघीही शिकाऊ. कास हातानं चाचपून बघायची. मऊ हवी, दूध काढल्यावर रिकाम्या पिशवीसारखी पडायला हवी. आत गाठ लागली, एक बाजू घट्ट किंवा गरम लागली, तर तिला दगडी झालीय किंवा होऊन गेलीय असं समजायचं. डोळे, नाक, खूर आणि लेंड्यासुद्धा बघायच्या. लेंड्या सुट्या, काळ्या मण्यांसारख्या हव्यात. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे समोर दूध काढून दाखवा म्हणायचं. बाजारात हे होत नाही. कास भरलेली दिसावी म्हणून सकाळचं दूध तसंच ठेवून शेळी बाजारात आणणारेही असतात. म्हणून घरावर जाऊन घ्यावी.

दुसऱ्या दिवशी पहाटे आत्यानं मला बसवलं. शेळीला सड दोनच, पण ते दोनसुद्धा मला आवरेनात. मी चिमटीनं ओढत होते. "आगं, ओढू नको, गाईचं शेपूट हाये का ते?" आंगठा आणि पहिलं बोट यांनी सड वर बंद करायचा, म्हणजे दूध मागे कासेत जात नाही, आणि मग एकेक बोट मिटत मूठ आवळायची. आधी कास कोमट पाण्यानं पुसायची. पहिल्या दोन धारा वेगळ्या वाटीत काढून बघायच्या. गाठी किंवा रक्त दिसलं तर ते दूध घरात नेऊ नका. अर्ध्या तासात मी पेलाभर दूध काढलं. माझी बोटं वाकडी झाली आणि शेळीनं पाय घालून तोही सांडला.

दुपारी उन्हात बसून मी पर्स उघडली. ही पांढरी, कपाळावर तांबूस ठिपका असलेली घ्यायची असं मनात ठरलंच होतं. महिन्याभरापूर्वी व्यालेली, दुसऱ्या वेताची, खाली एक पाठ आणि एक बोकड. पण आत्यानं पैशाला हात लावला नाही.

"इकायची नाय ती."

मी म्हटलं, "अगं आत्या, दादा तर व्यापाऱ्याला देणार म्हणत होता."

"तो म्हणंल. शेळ्या त्याच्या हायेत व्हय?"

मग तिनं मला २०१९ ची गोष्ट सांगितली. तशी ती आम्हाला माहीत होती, पण टीव्हीवर पाहिलेली. सायखेड्याला आणि चांदोरीला पूर नवा नाही. म्हातारी माणसं १९६९ चा सांगतात, त्यानंतर २००८ चा झाला, २०१६ च्या ऑगस्टमध्ये बाजारपेठेत पाणी घुसलं. आणि तीनच वर्षांनी, ४ ऑगस्ट २०१९ ला, पुन्हा. वर गंगापूर आणि दारणा दोन्ही धरणांचं पाणी सुटतं आणि खाली ते तुंबतं. इथल्या माणसांची खूण ठरलेली आहे. नाशिकला रामकुंडापाशी दुतोंड्या मारुती आहे. त्याच्या कमरेला पाणी लागलं, छातीला लागलं, अशा बातम्या येऊ लागल्या की सायखेड्यात सामान माळ्यावर चढतं. तो रविवार होता. मुलं ट्रॅक्टर बघायला गेली, सुना भांडी बांधत होत्या. आत्यानं काय केलं असेल? तीन शेळ्यांची दावी सोडली आणि कुणाला न विचारता वरच्या अंगाला, ओळखीच्यांच्या कांद्याच्या चाळीत नेऊन बांधल्या. त्यातली एक भरात आलेली गाभण. मुलगा रागावला, घर बुडतंय अन् म्हातारीला शेळ्या सुचतात! घरात छातीएवढं पाणी आलं. ती शेळी आठ दिवसांनी त्या चाळीतच व्याली, आणि पाठ झाली. चिखल काढून घर उभं करायच्या दिवसांत चहाला दूध त्या शेळीचंच होतं.

"भांडी सगळ्यांची व्हती," आत्या म्हणाली. "घर बी सगळ्यांचं. शेळ्या मात्र माझ्या. लग्नात बापानं एक दिली व्हती, तिचीच ही वेल. माझ्या बांगड्या, दवाखाना, पोरींची बाळंतपणं, सगळं हिच्यावर झालं. कुणापुढं हात नाय पसरला. इकली की संपलं."

बापानं दिलेली शेळी, म्हणजे माझ्या आजोबांनी! मी काय बोलणार? पर्स मिटली.

मग तिनंच तोड काढली. अर्धलीनं घेऊन जा म्हणाली. आपल्या खेड्यांत ही जुनी रीत आहे. जनावर माझं, सांभाळ तुझा. दूध सगळं सांभाळणारीचं आणि करडं निम्मी निम्मी. बोकड मोठा झाला की विकून पैशाचे दोन वाटे करायचे. पाठ माझ्याकडेच आईच्या सोबतीला राहायची, कारण एकटी शेळी ओरडून गाव गोळा करते. आणि पुढच्या वेताला जी पहिली पाठ होईल, ती सायखेड्याला परत. त्या ठिपकेवाल्या गोदीची आई ती कांद्याच्या चाळीत जन्मलेली पाठ, हे मला तिनं टेम्पोत बसताना सांगितलं. उरलेल्या दोन पुतणीकडे अशाच अर्धलीनं गेल्या. व्यापारी आला तो रिकाम्या हातानं गेला.

आता घरचं ऐका. पहिले चार दिवस गोदीनं पान्हाच सोडला नाही. नवी जागा, नवे हात. शेजारणी बघायला येत आणि मी रिकामं पातेलं पदराआड धरून परत येई. पाचव्या दिवशी सासूबाई स्टूल घेऊन तिच्या तोंडाशी बसल्या आणि कानामागे खाजवत काहीबाही बोलत राहिल्या. गोदीनं मान टाकली आणि धार लागली. तेव्हापासून रोज सकाळी हे काम सासूबाईंचंच. सासरे गेल्यापासून ज्या आठ-आठ वाजेपर्यंत पडून राहायच्या, त्या सहाला हाक मारू लागल्या, "उठलीस का गं? ती उभी राहिलीय."

रीत आम्ही अशी ठेवली. रात्री करडं वेगळी बांधायची, सकाळी दूध काढायचं, मग दिवसभर ती आईपाशी. त्यांच्या तोंडचं सगळं काढू नका. नुकत्याच व्यालेल्या शेळीचा चीक तर करडांचाच. पहिल्या तासाभरात तो त्यांच्या पोटात गेलाच पाहिजे आणि पहिले चार-पाच दिवस आपण भांडं नेऊच नये.

चूक आमच्याही हातून झालीच. संक्रांतीला घरात पाहुणे होते. उरलेला भात, गुळाच्या पोळ्या, कणकेचा गोळा, सगळं कुणीतरी मायेनं गोदीपुढे ओतलं. कुणी ते विचारू नका, आता त्यांना फार वाईट वाटतं. संध्याकाळी तिची डावी कूस फुगली, दात खाऊ लागली, रवंथ बंद. मी रडकुंडीला आले. आत्याची शेळी! १९६२ या नंबरवर फोन केला. हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा नंबर आहे, फ्रिजवर लिहून ठेवा. डॉक्टर आले, औषध पाजलं आणि दोन दिवस नुसता सुका चारा द्यायला सांगितला. वाचली बिचारी! शिजलेलं अन्न, पीठ, धान्य यांचा एकदम मारा झाला की शेळीच्या पोटात आंबतं आणि त्यानं जीवही जातो. खरकटं म्हणजे खुराक नव्हे. त्याच डॉक्टरांनी जंताचं औषध, पावसाळ्याआधीची आंत्रविषाराची लस आणि पीपीआरची लस यांचा कागद करून दिला, कानात बारा आकडी नंबरचा पिवळा बिल्लाही मारला. शहरात राहत असाल तर महापालिकेत आणि शेजाऱ्यांना आधी विचारून घ्या, हेही सांगते. आमच्या शेजाऱ्यांची समजूत लेंडीखतावर झाली. त्यांचे गुलाब बघण्यासारखे आहेत.

दुधाची चव? वास येईल म्हणून सूनबाई नाक धरून बसली होती. स्वच्छ काढलेल्या, लगेच गाळून उकळलेल्या दुधाला वास येत नाही. बोकड वयात आला आणि शेजारीच बांधला, की मात्र येतो. दूध उकळूनच प्यायचं, धारोष्णाचं कौतुक पुरे करा. जनावराच्या गर्भपाताचा रोग कच्च्या दुधातून माणसाला लागतो. दही जरा सैल लागतं, चहा फक्कड होतो. स्निग्ध कण बारीक असल्यानं साय मात्र नावाला, तेव्हा लोण्या-तुपाची आशा धरू नका. सासूबाईंना ते हलकं वाटतं आणि झोपताना कपभर घेतात. नात आता वर्षाची झालीय, डॉक्टरीणबाईंना विचारून तिच्या नाचणीच्या लापशीत थोडं घालतो. डेंग्यूच्या दिवसांत मात्र आमच्या फाटकाशी रांग लागते. शेळीच्या दुधानं प्लेटलेट्स वाढतात म्हणे! याला पुरावा नाही. मी वाटीभर देते, पैसे घेत नाही आणि बजावते, "आधी दवाखान्यात जा."

कस्तुरबांची आठवण मला या दुधाबरोबर नेहमी होते. गांधीजींनी दूध सोडलं होतं आणि आजारानं ते अगदी खंगले होते, ही १९१९ च्या सुरुवातीची गोष्ट. तेव्हा बांनीच वाट काढली की तुमचं व्रत गाई-म्हशीच्या दुधाचं, शेळीच्या दुधाला काय हरकत? घरातला आजारी माणूस हट्टाला पेटला की बायकांना असे कायदे शोधावेच लागतात.

बोकड ज्येष्ठात विकला. हे मी लपवणार नाही. दुधासाठी शेळी ठेवायची तर दर वेताला निम्मी करडं बोकड होणार आणि त्यांचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. ज्यांना हे सोसणार नाही त्यांनी शेळी न आणलेली बरी. त्या दिवशी आमच्याकडे कुणी नीट जेवलं नाही. पैशांचे दोन वाटे केले आणि आत्याचा तिच्याच खात्यावर टाकला, मुलाच्या नव्हे.

आता गोदी गाभण आहे आणि दूध आटलंय. पाच महिन्यांचा हिशेब धरला तर ती कार्तिकात व्यायला हवी. गेल्या आठवड्यात तीन दिवस पाऊस लागून राहिला होता. रात्री आत्याचा फोन आला.

"दुतोंड्या कुठवर हाये गं?"

हे स्कूटरवरून पंचवटीत जाऊन बघून आलेच होते. मी म्हटलं, "कमरेच्या वर गेलंय पाणी. छातीला लागेल म्हणतात."

"मग येतंय हिकडं. आवरते मी." फोन ठेवता ठेवता थांबली. "गोदी कोरड्यात हाये ना?"

"कोरड्यात आहे. खाली फळ्या टाकल्यात."

"तिच्या पोटाखाली पोतं घाल," आत्या म्हणाली आणि फोन ठेवला.